हुन्नर आपले, नाव कोणाचे?

व्यापार-धंद्याच्या पानावर कापसाचा भाव येतो, सोयाबीनची आवक येते, किराणा, कापड, फळे, भंगार यांची चर्चा होते. आपल्याच बाजारात बसणारा एक वर्ग मात्र या चर्चेत क्वचितच दिसतो. वरातीत क्लॅरिनेट वाजवणारा, ब्लाऊजवर आरीने नवी नक्षी उतरवणारा, दुकानाचा बोर्ड रंगवणारा पेंटर, शेरवानीचा नवा नमुना बेतणारा टेलर, स्वतःच गाणी रचून मोबाईलवर सोडणारा तरुण, हे सारे या वर्गात येतात. यांना महिन्याचा पगार नाही, डोक्यावर मालक नाही, म्हातारपणी पेन्शन नाही. हातात हुन्नर आहे आणि त्यावर घर चालते. मोठ्या शहरांतील वर्तमानपत्रे अशा माणसांना स्वतंत्र कलावंत आणि फॅशन डिझायनर म्हणतात. इस्लापूर, हिमायतनगर, किनवट या पट्ट्यात त्यांना बँडवाला, टेलर आणि पेंटर म्हणतात. काम जवळपास सारखेच आहे, मोबदल्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा फरक केवळ शहर आणि खेडे यांमुळे पडतो असे समजणे सोपे आहे. आम्हांला ते पुरेसे वाटत नाही. शहरातला डिझायनर स्वतःच्या नावाने माल विकतो, दर स्वतः ठरवतो आणि अटी कागदावर आणतो. आपला कारागीर या तिन्ही गोष्टी दुसऱ्याच्या हाती देतो आणि मग धंद्यात बरकत राहिली नाही अशी तक्रार करतो. संगीत जायज की नाजायज हा वाद या पानाचा नाही, तो उलेमांनी पाहावा. येथे प्रश्न कष्टाच्या मोबदल्याचा आहे, आणि तो वाजवणाऱ्यापासून शिवणाऱ्यापर्यंत सर्वांचा आहे.

सरहद्द बदलली, हुन्नर राहिले

आपला भाग कलेच्या बाबतीत कंगाल आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने थोडा इतिहास पाहावा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत इस्लापूरचे महसुली मंडळ बोथ तालुक्यात होते आणि बोथ तालुका हैदराबाद संस्थानापासून चालत आलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात. त्याच आदिलाबाद जिल्ह्यात निर्मल हे गाव होते. निर्मलची लाकडी खेळणी आणि चित्रे आजही देशभर जातात. पुनिकी नावाचे अगदी हलके लाकूड कोरायचे, लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांच्या लगद्याने सांधे भरायचे, वरून रंग चढवायचे, असे हे काम आहे. म्हणजे १९५६ पूर्वी निर्मलचा नक्काश आणि इस्लापूरचा रहिवासी एकाच जिल्ह्याचे होते.

लातूरकडेही तीच गोष्ट. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. बिदरी काम कोणाला माहीत नाही? जस्तात थोडे तांबे मिसळून ओतकाम करायचे, त्यावर नक्षी कोरायची, कोरलेल्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या पाण्यात वस्तू गरम करायची. जस्त काळेभोर होते, चांदी तशीच चमकत राहते. या कामाबद्दल बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे वडील आणि आजोबाही हेच काम करीत.

कादरींचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. बिदरी भांड्यांच्या दुकानात गेलो तर हजारो वस्तू दिसतात, पण त्या कोणत्या हातांनी घडवल्या हे त्यांच्यावर लिहिलेले नसते. बिदरचे नाव राहते, दुकानदाराचे नाव पिशवीवर राहते, कारागिराचे नाव कुठेच नाही. एखाद्याच माणसाचे नाव देशाला कळते. बाकीच्यांचे हुन्नर नगावर विकले जाते, जसे एखादे सुटे भाग विकावेत तसे.

आपल्या तालुक्यातील तांड्यांवरही हेच घडते. बंजारा स्त्रियांच्या कांचळीवर आणि फेटियावर आरसे, कवड्या, रंगीत दोरा यांचे जे भरतकाम असते, ते आज मोठ्या शहरांच्या दुकानांत पर्स, जाकीट आणि ओढणीवर दिसते. ज्या बाईच्या टाक्यावरून तो नमुना उचलला, तिला त्याचा पत्ताही नसतो.

तीस दिवसांचा हिशेब चुकीचा

आता दराकडे वळू. कलेच्या धंद्यात सर्वांत मोठी गफलत दर लावताना होते. कारागीर मनात महिन्याचा खर्च धरतो, त्याला तीस दिवसांनी भागतो आणि तो रोज समजतो. एक साधे गणित मांडून पाहू.

समजा, आरीकाम करणाऱ्या एका टेलरला घरखर्चास महिन्याला १५,००० रुपये लागतात. दुकानाचे भाडे, वीज, मशीनची दुरुस्ती धरून आणखी ३,००० रुपये. एकूण १८,०००. याला तीसने भागले की ६०० रुपये रोज येतो. एक ब्लाऊज तीन दिवसांत होत असेल तर तो १,८०० रुपये मजुरी आणि वर सामानाचा खर्च सांगतो, आणि आपण बरोबर आहोत असे समजतो.

पण वर्षात ३६५ दिवस काम असते काय? लग्नसराई संपली की गिऱ्हाईक थांबते. पितृपक्षात हिंदू बांधवांकडे लग्नकार्य नसते, मोहरममध्ये आपल्याकडे बहुधा नसते. पावसाळ्यात पेरणीच्या दिवसांत खेड्यातला पैसा शेतात गेलेला असतो. आजारपण, सुतक, सामान आणायला नांदेडला किंवा हैदराबादला जाण्याचे दिवस वेगळेच. नवा नमुना काढायला बसलेले दिवस तर कोणी मोजतच नाही. हे सर्व वजा जाता प्रत्यक्ष मजुरीचे दिवस २०० उरले असे धरू. वर्षाचा खर्च २,१६,००० रुपये. त्याला २०० ने भागा. रोज १,०८० रुपये आला, म्हणजे ६०० च्या जवळपास दुप्पट. ज्याने ६०० ने दर लावला त्याने वर्षात १,२०,००० रुपये मिळवले आणि ९६,००० रुपयांचा खड्डा पडला. हा खड्डा सावकाराकडून, बचतगटातून किंवा बायकोच्या दागिन्यांतून भरला जातो. पुढे मुलगा म्हणतो, अब्बा, यापेक्षा हैदराबादला जाऊन गाडी चालवलेली बरी. त्यात मुलाचे काय चुकले? हिशेब त्याला बापापेक्षा लवकर कळला.

आकडे ज्याचे त्याने आपले घालावेत. पद्धत मात्र हीच ठेवावी. वर्षाचा सगळा खर्च एका बाजूला लिहा, वर्षातले खरे कामाचे दिवस दुसऱ्या बाजूला लिहा, आणि मग भागाकार करा. नमुना काढण्याचा मोबदला मजुरीत मिसळू नका, तो वेगळा सांगा. गिऱ्हाईक घासाघीस करील, कदाचित थोडे कमीही द्यावे लागेल. पण कमी करताना आपण किती सोडतो आहोत हे तरी माहीत असेल.

बँडवाल्याची सुपारी

या बाबतीत वाजवणाऱ्यांची एक जुनी रीत सर्वांनी घेण्यासारखी आहे. बँड असो की कव्वाली पार्टी, सुपारी घेतल्याशिवाय तारीख बांधली जात नाही. विसार हातात आला की तारीख पक्की, आणि उरलेली रक्कम बहुधा निघण्यापूर्वी. ही रीत का पडली? कारण वाजवून झालेले परत घेता येत नाही. वरात दारी पोहोचली, पाहुणे जेवायला बसले की वाजंत्र्याकडे कोण पाहतो?

नक्षीचेही तसेच आहे. एकदा कागदावरचा नमुना गिऱ्हाइकाने पाहिला, मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढला, की नमुना गेला. तो फोटो घेऊन ते दुसऱ्या दुकानी जाते आणि शंभर रुपये कमी करून घेते. तरीही आपला टेलर आणि आपला पेंटर विसार मागायला संकोचतो. ओळखीचे गाव आहे, रोज तोंड पाहायचे आहे, असे तो म्हणतो. बँडवालाही त्याच गावात राहतो आणि त्याच लोकांकडून विसार घेतो. त्याला कोणी वाईट म्हणत नाही.

याच ठिकाणी वाजवणाऱ्यांच्या एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. लग्नात गाणी वाजवली म्हणून परवान्याचे पैसे भरा, असा तगादा काही ठिकाणी लावला जातो. कॉपीराइट कायद्यात धार्मिक विधी आणि सरकारी समारंभातील वादनाला सूट आहे, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर कार्यक्रम येतात. केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन खात्याने जुलै २०२३ मध्ये तशी जाहीर सूचनाही काढली. ज्यांचा हा धंदा आहे त्यांनी तिची प्रत जवळ ठेवावी. मात्र ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम वेगळे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि त्यात लग्न म्हणून सरसकट सूट नाही.

कायदा काय देतो

कायदा हा वकिलांचा विषय, असे म्हणून आपण तो सोडून देतो. पण चार गोष्टी प्रत्येक कारागिराला पाठ असाव्यात, इतक्या त्या साध्या आहेत.

पहिली गोष्ट गाणे रचणाऱ्यांसाठी. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि राज्यसभेबाहेर मोठा पाठपुरावा केला होता. या दुरुस्तीनंतर चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात गेलेल्या गाण्याच्या गीतकाराला व संगीतकाराला स्वामित्वधनातील आपला वाटा कायमचा सोडून देता येत नाही, तसे लिहून घेतले तरी ते चालत नाही. चित्रपटगृहात होणारा चित्रपटाचा खेळ मात्र यातून वगळला आहे. शिवाय हक्क विकायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच विकावा लागतो. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे समजतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. मोबाईलवर गाणी सोडणाऱ्या आपल्या मुलांनी, कोणी पाच-दहा हजार देऊन सही मागितली की आधी हे दोन रकाने पाहावेत.

दुसरी गोष्ट चित्रकारांसाठी. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून चित्र काढले तर, वेगळा करार नसल्यास, त्या चित्राचा हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणून, हे चित्र फक्त तुमच्या दुकानाच्या भिंतीसाठी आहे, पिशवीवर व कॅलेंडरवर छापायचे तर वेगळे पैसे, ही ओळ बिलावर हवी. नमुना भिंतीवर असतो आणि दुसऱ्या वर्षी दहा हजार पिशव्यांवर दिसतो, असे होऊ नये.

पण हक्क विकला गेला तरी एक गोष्ट कलावंताकडेच राहते. हे काम माझे आहे, असे म्हणण्याचा आणि त्याची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार कायद्याच्या ५७ व्या कलमाने त्याला दिला आहे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे ब्राँझचे मोठे भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होते. १९७९ साली ते काढून गोदामात टाकले गेले आणि त्याचे तुकडे झाले. पैसे सरकारने दिलेले, शिल्प सरकारचे, तरीही सेहगल कोर्टात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा निकाल दिला. निकालाला फार वर्षे लागली हे खरे. पण विकलेल्या वस्तूवरही घडवणाऱ्याचा काही हक्क उरतो, हे त्यातून पक्के झाले.

तिसरी गोष्ट कापडाचे नमुने करणाऱ्यांसाठी, आणि ती सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. एखाद्या नमुन्याच्या छपाईने किंवा यंत्राने पन्नासहून अधिक प्रती निघाल्या की त्यावरचा कॉपीराइट संपतो. त्यापुढे संरक्षण हवे तर २००० सालच्या डिझाईन कायद्याखाली नोंद लागते. ही नोंद दहा वर्षांची असते आणि आणखी पाच वर्षे वाढवता येते. मात्र अर्ज नमुना बाजारात दाखवण्यापूर्वी करावा लागतो. आधी सगळ्या ग्रुपवर फोटो टाकायचा आणि चोरी झाल्यावर नोंदीला धावायचे, हा उलटा क्रम उपयोगाचा नाही. हाताने एकेक वस्तू करणाऱ्याने निदान तारखेसह नमुन्यांची वही ठेवावी.

चौथी गोष्ट थकबाकीची. २००६ च्या लघुउद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपेक्षा जास्त थांबवता येत नाहीत, करारात मोठी मुदत लिहिली असली तरी नाही. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने व्याजाची तरतूद आहे. व्याज आपण घेत नाही म्हणून ही तरतूद सोडून देणारेही असतील. त्यांनी व्याज सोडावे, मुद्दल आणि मुदत सोडू नये. उद्यम नोंदणी मोफत होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाकडे जाण्याचे कारण नाही.

सरकारी योजनांबद्दलही एक शब्द. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत १८ धंदे आहेत. त्यांत शिंपी आहे, खेळणी करणारा आहे, मूर्तिकार आहे. वाद्ये बनवणारा, भरतकाम करणारा आणि चित्रकार यांना त्यात स्वतंत्र जागा नाही. ज्यांची नावे यादीत आहेत त्यांनी लाभ घ्यावा, आणि बाकीच्यांनी आपल्या धंद्याचे नाव यादीत यावे म्हणून लोकप्रतिनिधींकडे मागणी करावी. हस्तकलेच्या कारागिरांना केंद्राकडून वेगळे ओळखपत्र मिळते, तेही काढून ठेवावे.

ज्यांनी नाव राखले

एवढे सगळे लहान गावच्या माणसाला जमते काय, असा प्रश्न येईल. जमले आहे, आणि आपल्यासारख्याच लोकांना जमले आहे.

मिरजेचे उदाहरण घ्या. तेथील शिकलगार घराणी मुळात हत्यारे करणारी आणि त्यांना धार लावणारी. हत्यारांचे दिवस गेले तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि त्यांच्या घराण्याने सतार-तंबोऱ्याचे काम हाती घेतले. पंढरपूर-मंगळवेढा भागातले मोठे भोपळे आणायचे, ते वाळवायचे, लाकडाशी जोडायचे आणि कानाने जवारी काढायची. हे काम इतके नावाजले की घराण्याचे आडनावच सतारमेकर पडले. हा आमच्या मते साऱ्या गोष्टीचा गाभा आहे. त्यांनी धंदा बदलला आणि नव्या धंद्याला स्वतःचे नाव दिले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

दुसरे उदाहरण कच्छचे. धमडका गावचे खत्री पिढ्यान्‌पिढ्या अजरख छापत आले. २००१ च्या भूकंपाने गाव उद्ध्वस्त झाले, पाणीही रंगाईला पूर्वीसारखे राहिले नाही. तेव्हा त्यांतील अनेक घरांनी अजरखपूर नावाचे नवे गाव वसवले. गावाचे नावच मालाचे नाव. त्यांतील इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ साली इंग्लंडमधील लेस्टर येथील डी माँटफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. कच्छमध्येच २००५ साली कारागिरांसाठी डिझाईनची शाळा निघाली. तिची कल्पना अशी की कारागिराला डिझायनरच्या हाताखाली मजूर म्हणून पाठवण्याऐवजी त्यालाच डिझायनर करावे. रंग, बाजार, दर आणि गिऱ्हाइकाशी बोलणे हे सारे त्याला त्याच्याच भाषेत शिकवावे. तेथून शिकलेले विणकर आणि छपाईवाले आज स्वतःच्या नावाने माल विकतात.

तिसरी गोष्ट कोल्हापुरी चपलेची, ती ताजी आहे. या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. महाराष्ट्रातून ओरड झाली, व्यापारी चेंबरने पत्र लिहिले, तेव्हा कंपनीने उगम मान्य केला. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन भारतातच चपला करवून घेण्याचे ठरले. यात दोन धडे आहेत. संघटितपणे बोलले तर जगातली मोठी कंपनीही ऐकते. आणि मानांकन गावाच्या नावाला आधार देते, एकेका कारागिराच्या नावाला नाही. त्यासाठी त्याने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली पाहिजे आणि आपल्या मालावर आपला शिक्का मारला पाहिजे.

व्यापाऱ्यांना आणि उस्तादांना

आता दोन शब्द दुसऱ्या बाजूला. या पानाचे अनेक वाचक कापड दुकानदार, रेडिमेड विक्रेते, मंडपवाले आणि छपाईवाले आहेत. कारागिराचे नाव पुढे आले तर गिऱ्हाईक थेट त्याच्याकडे जाईल, अशी भीती त्यांना वाटते. भीती अगदीच खोटी नाही. पण नाव दडवून राखलेला कारागीर फार दिवस टिकत नाही. तो धंदा सोडतो, आणि मग दुकानदाराला नांदेड-हैदराबादहून यंत्रावरचा माल आणून इतर दहा दुकानांशी भावात झुंजावे लागते. हाताचा माल ज्याच्याकडे आहे त्याच्याशी भावात कोण झुंजेल? पिशवीवर आपले नाव ठेवा, चिठ्ठीवर कारागिराचे नाव लिहा. दोघांचेही गिऱ्हाईक वाढेल.

आणि उस्तादांनीही स्वतःकडे पाहावे. व्यापारी आपले नाव दाबतो अशी तक्रार करणारा उस्ताद आपल्या शागिर्दाने काढलेली नक्षी कोणाची म्हणून सांगतो? घरात बसून रात्री अकरापर्यंत टिकल्या आणि मोती लावणाऱ्या आपल्या बायका-मुलींचा हिशेब कोणत्या वहीत आहे? भरतकामाच्या धंद्यात निम्मे हात घराच्या आत आहेत. त्यांची मजुरी दरात धरली जात नाही, कारण ती फुकट समजली जाते. वर मांडलेल्या गणितात त्यांचे दिवसही मिळवले तर खरा दर किती निघेल, हे ज्याने त्याने पाहावे.

लिहून मागितले तर समोरचा म्हणेल, माझ्यावर विश्वास नाही काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या लोकांना शोधावे लागू नये. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असेच तिच्यात सांगितले आहे. चिठ्ठी लिहिण्यात अविश्वास नसतो. दोघांची आठवण वेगळी निघाली तर मैत्री तुटू नये, म्हणून ती असते.

ही चिठ्ठी फार मोठी असण्याचे कारण नाही. काम काय, कोणी करायचे, एकूण किती, विसार किती, उरलेले कधी, नमुना पुन्हा वापरायचा तर किती, आणि मालावर नाव कोणाचे. सात ओळी, दोन सह्या, तारीख. शाळकरी मुलाच्या वहीतला कागद चालतो. त्याचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये राहू द्या.

येत्या लग्नसराईत इस्लापूरपासून उदगीरपर्यंत हजारो कपडे शिवले जातील, शेकडो वराती वाजतील, कितीतरी दुकानांचे बोर्ड रंगतील. किनवट, हिमायतनगर, भोकर येथील कारागिरांनी त्याआधी एकदा एकत्र बसावे, आपापल्या कामाचे दिवस मोजावे आणि कमीत कमी दर ठरवावा. विसाराची रीत सर्वांनी एकदमच सुरू करावी, म्हणजे मागणारा एकटा पडणार नाही. आणि पुढच्या पहिल्याच ऑर्डरीवर, कपड्याच्या आतल्या पट्टीला का होईना, आपले नाव शिवावे. एवढे झाले तरी, अब्बा, हा धंदा करण्यासारखा आहे का, असे विचारणाऱ्या मुलाला दाखवायला हातात काहीतरी असेल.